गोवा, चिखलदरा की बोर?

पंधरा मित्रमैत्रिणी, तीन ठिकाणं आणि प्रत्येकाची पसंती पक्की! तरीही विजेता कोण, हे ठरतं मोजायच्या पद्धतीवर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या एका भांडणातून सुरू झालेली आणि भंडारा, सेवाग्राम, पवनार असं फिरून आलेली ही गोष्ट...

शाळेच्या ग्रुपवर पोल पडला तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होते. वर्ध्याला दहावी केलेले आम्ही पंधरा जण. कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, दोघं बंगळुरूला, तिघं अजून वर्ध्यातच. रियुनियन ठरलं होतं, जागा ठरत नव्हती. पर्याय तीन. गोवा, चिखलदरा आणि आपलं घरचं बोर, म्हणजे सेलू तालुक्यातला व्याघ्र प्रकल्प. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. गोवा ६, चिखलदरा ५, बोर ४.

"गोवा म्हणजे गोवा बे, विषय कट!" इति ग्रुप अ‍ॅडमिन.

आणि मग जो काही धुरळा उडाला! "माह्या घरून गोव्याले परमिशनच नाही", "दोन दिवसांत गोवा कोन जाते बाप्पा", "नऊ जनाले नको अन् सहा जनाईसाठी जायचं?" हा शेवटचा मुद्दा मात्र मला चिकटला. खरंच की! पंधरापैकी नऊ जणांचा गोव्याला विरोध होता आणि जिंकला होता गोवा.

मी धंद्याने डेटावाली. राहवेना. प्रत्येकाला पर्सनल मेसेज टाकला, फक्त पहिली पसंती नको, १-२-३ असा क्रम पाठव. आला. गोव्याच्या सहाही जणांचा क्रम होता गोवा, बोर, चिखलदरा. चिखलदऱ्याच्या पाचांचा चिखलदरा, बोर, गोवा. आणि बोरच्या चौघांचा बोर, चिखलदरा, गोवा.

आता गंमत बघा. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी, गोवा जिंकतं. आपल्या लोकसभा-विधानसभेची हीच पद्धत. दुसरी पद्धत अशी, की सगळ्यांत कमी मतांचा पर्याय बाद करायचा आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे वळवायची. बोर बाद, त्याची चार मतं चिखलदऱ्याला. झालं की चिखलदरा ९, गोवा ६! आता तिसरी पद्धत, एकास एक कुस्ती. बोर विरुद्ध गोवा लावलं तर ९ विरुद्ध ६ ने बोर. बोर विरुद्ध चिखलदरा लावलं तर १० विरुद्ध ५ ने बोर. म्हणजे पोलमध्ये शेवटचं आलेलं आणि दुसऱ्या पद्धतीत सगळ्यांत आधी बाद झालेलं बोर समोरासमोर दोघांनाही चीत करतं.

एकानेही आपलं मत बदललेलं नाही, हे लक्षात घ्या. बदललं ते फक्त मोजणं.

हा घोळ काही माझ्या ग्रुपने शोधलेला नाही. कॉन्डॉर्से नावाच्या फ्रेंच माणसाने १७८५ मध्येच एकास एक कुस्तीचा हिशेब मांडून ठेवला होता. पुढे १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने गणितानेच सिद्ध केलं, की तीन किंवा जास्त पर्याय असतील तर पसंतीक्रम मोजायची अशी एकही पद्धत नाही, जी न्यायाच्या चार साध्या अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करेल. त्याला पुढे नोबेल मिळालं. आमच्या अ‍ॅडमिनला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग अ‍ॅडमिन ठरवंल तेच फायनल!" अ‍ॅरोच्या प्रमेयात हुकूमशहाचा पर्यायही येतो, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

आईचं मत फिरलं, बाबांचं थांबलं

खरं तर हा विषय आमच्या घरात जुना आहे. डिसेंबर २०२० मध्ये नागपूर पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सहा जिल्ह्यांचा हा मतदारसंघ. नितीन गडकरी वर्षानुवर्षं इथूनच विधान परिषदेवर जात. आईबाबा दोघंही पदवीधर, दोघांची नावं यादीत. या यादीचं एक बरं असतं, दर निवडणुकीला ती नव्याने करतात आणि तुम्हाला पुन्हा फॉर्म भरावा लागतो. बरं अशासाठी म्हटलं, की त्या निमित्ताने बाबा आपली डिग्री शोधतात आणि घरातले हरवलेले दहा कागद सापडतात.

इथे मशीन नसतं. कागदाची मतपत्रिका आणि केंद्रावरच मिळणारं जांभळ्या शाईचं पेन. नावासमोर आकडा लिहायचा. १ लिहिलाच पाहिजे, पुढचे आकडे ऐच्छिक. 'एक' असं अक्षरात लिहिलं, टिकमार्क केली, सही ठोकली, की मत बाद. भले तुम्ही पीएचडी असा!

आईने १, २, ३ असे तीन आकडे लिहिले. बाबांनी एकच. त्यांचा १ होता एका अपक्षाला, जो निवडून येणार नाही हे त्या अपक्षालाही माहीत असावं. बाबा मास्तर. त्यांचा मुद्दा पेन्शनचा होता आणि तो मुद्दा तोच माणूस बोलत होता.

मोजणीत पहिल्या पसंतीवर कुणाचाच कोटा पूर्ण झाला नाही. इथे कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत, त्यांच्या मतपत्रिकांवरचा पुढचा आकडा बघत मोजणी पुढे सरकली. शेवटी काँग्रेसचे अभिजित वंजारी निवडून आले, भाजपचे संदीप जोशी हरले. भाजपचा किल्ला पडला म्हणून पेपरांत मोठमोठे मथळे आले.

आमच्या घरातला मथळा वेगळा होता. "तुमचं मत मधेच मेलं," आई म्हणाली.

"मेलं नाही, थांबलं," बाबा म्हणाले. "ज्याला मी निवडून देऊ इच्छित नाही त्याच्या नावासमोर २ तरी काहून लिहू?"

"मग शेवटच्या दोघांत कोण यावं ते तुम्ही दुसऱ्यांवर सोडलं ना!"

हे भांडण आठ दिवस चाललं. दोघांचंही लॉजिक बिनतोड होतं, हीच अडचण. मशीनवरच्या मतदानात बाबांचं मत फुकट गेलं असतं आणि आईचंही कदाचित गेलं असतं, कारण तीसुद्धा मनातल्या माणसाला न देता जिंकू शकणाऱ्यालाच मत देऊन आली असती. पसंतीक्रमाच्या पद्धतीत आईला आधी मनातलं आणि मग व्यवहारातलं असं दोन्ही लिहिता आलं. बाबांना व्यवहार लिहायचाच नव्हता. पद्धतीने त्यांना तीही मुभा दिली होती.

दुसऱ्या पसंतीची ताकद काय असते, हे बाबांना पटलं ते जून २०२२ मध्ये. राज्यसभेच्या महाराष्ट्रातल्या सहा जागा, सातवा उमेदवार उभा, आमदारांची वैध मतं २८४. सहा जागा असल्या की मतांना सातने भागतात, म्हणजे कोटा आला जेमतेम ४१ चा. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. आणि निवडून कोण आलं? महाडिक! कारण भाजपने पीयूष गोयल आणि अनिल बोंडे या दोघांना मुद्दाम ४८-४८ मतं दिली होती. कोट्यावरची प्रत्येकी साधारण सात मतं उतू गेली, ती दुसऱ्या पसंतीने महाडिकांच्या पातेल्यात. २७ आणि १४, झाले ४१. दहाच दिवसांनी, २० जूनला विधान परिषदेच्या निवडणुकीत असंच गणित झालं, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले. पुढचं सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं.

"बघा, २ चा आकडा काय करतो," आई म्हणाली. बाबा पेपर वाचत राहिले.

कुजवलेलं मत

आई भंडाऱ्याकडची, साकोलीजवळच्या गावातली. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, एक शब्द होता, मत कुजवणे. लहानपणी मला वाटायचं, मतपत्रिका ओली होऊन कुजते की काय! अर्थ खूप उशिरा कळला.

देशाच्या पहिल्या निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडून जायचे, एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. यात खेळी अशी, की एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं मुद्दाम वाया घालवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं भलं व्हायला नको. हेच ते कुजवणं. १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून अशाच दुहेरी मतदारसंघात उभे होते. काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून ते सुमारे १४ हजार मतांनी हरले. त्यानंतरच्या निवडणूक याचिकेत बाद झालेल्या मतपत्रिकांचा आकडा होता ७४,३३३. कम्युनिस्टांनी मतं कुजवायचा प्रचार केला, असा आरोप त्यात होता. याचिका फेटाळली गेली.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे राहिले. हाही दुहेरी मतदारसंघ. असं सांगतात, की कार्यकर्त्यांनी त्यांना गळ घातली, समोरचे आपल्याला दुसरं मत देणार नाहीत, मग आपण का द्यायचं? आपल्या लोकांनाही दुसरं मत कुजवायला सांगा. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ज्याने राज्यघटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगायचं नाही, हा त्यांचा मुद्दा. निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब हरले, साधारण ८ हजारांनी.

आजोबा तेव्हा चोविशीतले. त्यांनी दोन्ही मतं दिली होती आणि ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे. दुसरं कुणाला दिलं, ते मात्र त्यांनी आजीलाही सांगितलं नाही! १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ गेले, पण कुजवणे हा शब्द मतदानाच्या गप्पांत अजून जिवंत आहे.

२०२० च्या भांडणात आईने शेवटचं अस्त्र म्हणून हीच गोष्ट काढली. "बाबासाहेबांनी स्वतः हरायचं पत्करलं, पण मत कुजवू दिलं नाही. अन् तुम्ही?" बाबांनी खूप वेळाने उत्तर दिलं, "मी कुजवलं नाही. मी एवढंच बोललो अन् थांबलो." मला तेव्हा वाटलं होतं बाबा हरले. आता तितकीशी खात्री नाही.

एकच वर्ष, त्याच रांगा

वर्ध्याच्या माणसाला निकालांचं आश्चर्य वाटायचं तसं कारण नाही. गांधीजींच्या या जिल्ह्याने १९९१ मध्ये वसंत साठेंसारख्या दिग्गज काँग्रेस नेत्याला पाडून चक्क मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे लोकसभेत पाठवले होते! पण २०२४ ने मलाही चक्रावून सोडलं.

२६ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं. मी सुट्टी टाकून गेले होते, ऊन असं की बोटावरची शाई लावताक्षणी वाळली. वर्ध्यातून शरद पवार गटाचे अमर काळे निवडून आले, भाजपचे रामदास तडस पडले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. त्याच शाळा, त्याच रांगा, आणि जिल्ह्यातल्या चारही जागा, आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा, भाजपला. सात महिन्यांत लोकांची मतं बदलली, हे खरंच. लाडकी बहीण, सोयाबीनचे भाव, कारणं काय वाट्टेल ती सांगा. पण पूर्ण महाराष्ट्राचे आकडे समोर ठेवले की मोजणीच्या पद्धतीची करामतही दिसते.

लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती, दोघांचीही मतं ४३-४४ टक्क्यांच्या घरात. जवळजवळ बरोबरी! जागा मात्र ३० आणि १७. विधानसभेला महायुतीची मतं साधारण निम्मी आणि जागा २८८ पैकी २३० च्या वर. आघाडीची मतं ३५ टक्क्यांच्या आसपास, जागा पन्नासच्याही आत. मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर आघाडीला शंभर तरी मिळाल्या असत्या. म्हणजे एप्रिल-मेमध्ये ज्या यंत्राने एका बाजूला झुकतं माप दिलं, त्यानेच नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजूला दिलं. त्यामुळे या यंत्रावर आक्षेप घेणारा नेहमी नुकताच हरलेला असतो, आणि जिंकला की गप्प बसतो.

मायावतींच्या बसपाचं उदाहरण तर क्लासिक. २०१४ मध्ये देशभर चार टक्क्यांवर मतं, मतांच्या हिशेबात तिसरा पक्ष. जागा, शून्य. मतं सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असली की हेच होतं. हीच मतं मोजक्या मतदारसंघांत गोळा झालेली असती तर बरेच खासदार आले असते.

मग प्रमाणशीर पद्धत का नाही घेतली आपण? विचार झाला होता. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. उत्तर दिलं बाबासाहेबांनीच. त्यांची एक भीती अशी, की सभागृहाचे इतके तुकडे होतील की सरकार टिकणार नाही. आणि दुसरी अगदी व्यावहारिक. पसंतीक्रम लिहायचा तर मतदाराला निदान आकडे लिहिता-वाचता यायला हवेत. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास निघाली, म्हणजे त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. आता आकडे येतात सगळ्यांना. पहिली भीती मात्र शिल्लक आहे. शेजारच्या नेपाळने मधला मार्ग काढला, २७५ पैकी १६५ जागा आपल्यासारख्या, ११० पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. तिथे सरकारं किती टिकली ते आपण पाहिलंच. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षासाठी पसंतीक्रम आहे. २०२४ मध्ये पहिल्यांदाच तिथे दुसरी पसंती मोजायची वेळ आली आणि त्यात अनुरा कुमारा दिसानायके निवडून आले.

शिडी आणि एकमत

दिवाळीत घरी होते तेव्हा बाबांनी एक जुनं नाव काढलं, श्रीमन्नारायण अग्रवाल. आमच्या वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य. १९४६ मध्ये त्यांनी 'गांधियन कॉन्स्टिट्यूशन फॉर फ्री इंडिया' लिहिलं, गांधीजींची प्रस्तावना घेऊन. निवडणुकीची त्यातली कल्पना म्हणजे एक शिडी. गावातल्या सगळ्या प्रौढांनी मत द्यायचं ते फक्त गावच्या पंचायतीसाठी. मग पंचायतींच्या प्रमुखांनी वरची पंचायत बनवायची, त्यांच्यातून आणखी वरची, असं थेट दिल्लीपर्यंत. प्रचार नाही, पोस्टर नाही, तुम्ही ज्याला रोज पाहता त्यालाच निवडायचं. ऐकायला गोड! पण गावातच ज्याला कुणी ओट्यावर बसू देत नाही, तो या शिडीच्या पहिल्या पायरीवर तरी कसा चढणार? बाबासाहेबांचं गावगाड्याबद्दलचं मत घटना समितीच्या कामकाजात नोंदलेलं आहे आणि ते फार कडक आहे. ती शिडी घटनेत आली नाही. पुढचा विनोद असा, की १९५२ मध्ये हेच श्रीमन्नारायण वर्ध्यातून, थेट मतदानाने, लोकसभेवर निवडून गेले.

शिडी अगदीच गेली असंही नाही. सरपंच लोकांनी थेट निवडायचा की सदस्यांनी आपल्यातून, यावर महाराष्ट्राने २०१७ मध्ये थेट म्हटलं, २०२० मध्ये सदस्यांतून म्हटलं आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट. सरकार बदललं की सरपंचाची पद्धत बदलते. फायदा कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, चल पवनारला. लहानपणी सहलीला कितीदा गेलेलं ठिकाण. धाम नदी, वर टेकाडावर विनोबांचा आश्रम, खोदताना सापडलेल्या जुन्या मूर्ती. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर आहे, बहिणींचं. शेती, स्वयंपाक, सफाई सगळं त्याच बघतात. प्रमुख असं कुणी नाही, आणि निर्णय सर्वसंमतीने. म्हणजे बहुमत नाही. एकीचाही विरोध असेल तर थांबायचं.

विनोबांचा युक्तिवाद सोपा होता. पाच बोले परमेश्वर असं आपण म्हणत आलो. आता तीन विरुद्ध दोन झाले तरी निर्णय पास होतो, मग त्या तिघांच्या तोंडून परमेश्वर बोलला म्हणायचं का? माझ्या ग्रुपवर तर सहा विरुद्ध नऊ होऊनसुद्धा झाला होता!

मला हे सगळं फार आवडलं. मग बाबांनी, ते मास्तर असल्यामुळे, धड्याचा दुसरा भाग सांगितला. १९७४. बिहारमध्ये जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलेलं. सर्वोदयवाल्यांची देशव्यापी संस्था, सर्व सेवा संघ, हिची रीतही सर्वसंमतीची. आंदोलनात उतरायचं की नाही? बहुसंख्य जेपींच्या बाजूने, थोडे लोक विनोबांच्या बाजूने. बहुमताची पद्धत असती तर पाच मिनिटांत हात वर झाले असते. पण इथे थोड्यांचा 'नाही' सगळ्यांच्या 'हो'ला पुरून उरत होता. जुलै १९७४ च्या वर्ध्याच्या बैठकीत विनोबांनीच तोड काढली, सत्य, अहिंसा आणि संयम पाळून ज्याने त्याने आपापल्या मर्जीने वागावं. काही महिने निभावलं. डिसेंबरात विनोबांनी वर्षभराचं मौन घेतलं. मार्च १९७५ मध्ये पवनारला पुन्हा सगळे जमले आणि मेळ बसलाच नाही. संघ दुभंगला. तीन महिन्यांनी आणीबाणी लागली.

एकमताच्या पद्धतीत कुणी हरत नाही, हे खरं. पण कुणी अडून बसला तर पुढेही जाता येत नाही. 'नाही' म्हणणाऱ्याची ताकद पद्धतीच त्याच्या हातात देते. आणि 'नाही' म्हणायची हिंमत नसलेल्याचं काय? बिनविरोध ग्रामपंचायत म्हणजे एकमत असं आपण पेपरांत कौतुकाने वाचतो. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे असंच 'एकमत' झालं होतं, पदाचा लिलाव पुकारून! राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. दुसरीकडे आपल्याच विदर्भात, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा वर्षानुवर्षं एकमताने कारभार करते आहे. वनहक्काच्या कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातलं अगदी पहिल्यांपैकी एक गाव. तिथे एकमत होईपर्यंत बसायची तयारी असते, पुन्हा पुन्हा बसायची. माझ्या ओळखीत अशी तयारी असलेले किती लोक आहेत, हे मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

परतताना वर्ध्यात थांबून गोरसपाक घेतला. त्यावर मतदान लागत नाही.

गाडीत बाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला स्वतःला कोणती पद्धत बरी वाटते?"

ते म्हणाले, "आईवाली." आणि जरा थांबून, "पण २ लिहायची सक्ती नको."

आता ग्रुपचं. मी सगळ्यांना माझा हिशेब पाठवला, तिन्ही पद्धतींचे तीन निकाल, रंगीत तक्त्यासकट. अ‍ॅडमिनने तक्ता न उघडता अंगठा दाखवला. मग कुणीतरी सुचवलं, एकमत होईपर्यंत चर्चा करू. तीन दिवसांत चारशे मेसेज, एक जण ग्रुप सोडून गेला, परत आणला. शेवटी वर्ध्यातल्या तिघांपैकी एकीने एक साधा प्रश्न टाकला, "कोणत्या जागेचं नाव काढलं तर कोणीच ग्रुप सोडनार नाही?"

आम्ही बोरला गेलो. गोव्याच्या सहांपैकी चौघे आले, त्यातला एक अ‍ॅडमिन. वाघ दिसला नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, "आता पुढच्या वर्षी गोवाच. आजच पोल टाकतो, पन ऑप्शन दोनच!"

मी विचारलं, "अन् दुसरा ऑप्शन कोणता?"

"बोर," तो म्हणाला.